जूनमध्ये बंद निघणारा प्रिंटर बहुतेकदा मे महिन्यातच सुकलेला असतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले, अकरावी-डिप्लोमाचे अर्ज सुरू झाले, की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत घरोघरच्या इंकजेट प्रिंटरची एकदम आठवण होते. मार्च-एप्रिलमध्ये मुलांचे प्रोजेक्ट छापून झालेले असतात आणि तेव्हापासून मशीन कपड्याखाली झाकून ठेवलेलं असतं. जूनमध्ये चालू केलं की काळं उमटत नाही, निळ्याच्या जागी पांढऱ्या रेघा येतात, नाहीतर कोरा कागदच बाहेर पडतो. मग एकतर घरचा कुणीतरी हेड क्लीनिंगचं बटण दहा-दहा वेळा दाबत बसतो, किंवा ‘हेड गेलं’ (हेड म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग) असं कुणीतरी सांगतं आणि लोक नवीन मशीन आणायला निघतात. दोन्हींत नुकसान मशीनमालकाचंच. त्यातली बरीच मशीनं घरच्या टेबलावर नीट होण्यासारखी असतात. या दुरुस्तीत रोज हात काळे करणाऱ्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहोत. काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं, एवढं वाचकांपर्यंत पोहोचावं ही इच्छा.

आधी आपल्या हवेचा विचार करू. एप्सनच्या एल ३११० सारख्या घरगुती मशीनच्या माहितीपत्रकात छपाईसाठी १० ते ३५ अंश तापमान दिलेलं आहे आणि नुसतं ठेवून देण्यासाठी ४० अंशांत एक महिना ही मर्यादा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४४-४५च्या पुढे जातो. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरची किंवा पत्र्याची खोली तर बाहेरइतकीच तापते. इंकजेटची शाई मुख्यतः पाण्याची असते. ती ज्या छिद्रांतून उडते ती नोझल साधारण २० मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बारीक. तिथलं पाणी उडालं की रंगाचा गाळ छिद्रात घट्ट बसतो.

हे होऊ नये म्हणून प्रत्येक मशीनमध्ये उजव्या टोकाला रबरी कडेची एक छोटी टोपी असते, तिला आम्ही कॅप म्हणतो. काम संपलं की हेड त्या टोपीवर जाऊन बसतं आणि खालून झाकलं जातं. हेड क्लीनिंगच्या वेळी खालचा पंप याच टोपीतून शाई ओढतो. पण ते पूर्ण बसायला प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद व्हावा लागतो. छपाई चालू असताना किंवा नुकती संपली असताना भिंतीच्या बोर्डावरचं बटण बंद केलं, किंवा वीज गेली, तर हेड वाटेतच उघडं राहतं. कोरड्या वाऱ्यात दोन दिवस ते तसंच राहिलं की सुकलंच समजा. म्हणून प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, लाइट लुकलुकायचा थांबू द्यावा, मगच बोर्ड बंद करावा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तिथे प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा. वीज अचानक गेलीच तर परत आल्यावर एकदा चालू करून रीतसर बंद करावा, हेड आपोआप जागेवर जाऊन बसतं.

आता बिघाडाकडे. हात लावण्याआधी आपल्याकडे कोणत्या जातीचं मशीन आहे ते बघा. एचपीच्या डेस्कजेटमध्ये आणि कॅननच्या बऱ्याच साध्या मशीनमध्ये कार्ट्रिजलाच हेड असतं. कार्ट्रिज बदललं की हेडही नवं. एप्सनच्या टाकीवाल्या एल-सीरिजमध्ये हेड मशीनमध्येच कायमचं बसवलेलं असतं. कॅननची जी-सीरिज आणि एचपीची इंक टँक ही मधली जात आहे: टाकी बाहेर, पण काळं आणि रंगीत अशी दोन हेडं सुटी निघतात आणि वेगळी विकत मिळतात. एचपी-कॅननची हेडं शाईला क्षणभर चटका देऊन बुडबुड्याने थेंब उडवतात, एप्सनची हेडं विजेने वाकणाऱ्या स्फटिकाने तो ढकलतात. हा फरक नुसता पुस्तकी नाही. चटक्यावर चालणारं हेड शाई संपल्यावर कोरडं चालवलं तर आतला तापणारा भाग जळतो, आणि मग कितीही धुतलं तरी ते परत येत नाही. म्हणून एचपी-कॅननवर अक्षर फिकट दिसू लागलं की त्याच क्षणी छपाई थांबवा, ‘अजून दोन पानं निघतील’ म्हणून ओढू नका.

दुसरं काम नोझल चेक. हा कागद म्हणजे आमच्या कामाचा पाया, पण घरात तोच कुणी काढत नाही. एल ३११० वर मशीन बंद असताना थांबवण्याचं (स्टॉप) बटण दाबून धरून चालू करा, की तो छापून येतो. बाकी मशीनांवर संगणकातल्या प्रिंटरच्या ‘मेंटेनन्स’ टॅबमध्ये सापडतो. चार रंगांच्या बारीक पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा येतात. त्या नीट वाचायला शिकलं की अर्धं निदान झालं.

थोड्या रेघा तुटलेल्या असतील आणि साफ केल्यावरही त्याच जागी तुटत असतील, तर ती छिद्रं सुकली आहेत. तुटण्याची जागा प्रत्येक वेळी बदलत असेल तर टाकीतून हेडकडे येणाऱ्या नळीत हवा शिरली आहे, किंवा कॅप नीट ओढत नाही. अशा वेळी हेड धुण्यात अर्थ नाही. एक अख्खा रंगच नसेल तर आधी टाकीत शाई खालच्या खुणेच्या वर आहे का ते बघा, मग त्या रंगाच्या नळीत हवेचा लांब तुकडा दिसतो का. चारही रंग एकदम गायब झाले तर कॅप-पंपाकडे किंवा हेडच्या पट्टी-केबलकडे जा. आणि नोझल चेक एकदम स्वच्छ असूनही तुमचं पान घाणेरडं येत असेल तर हेडला दोष देऊ नका. तिथे कागदाचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो, ड्राफ्ट मोड (कमी शाईची फिकट छपाई) चालू राहिलेला असतो, किंवा हेड अलाइनमेंट, म्हणजे हेडची जुळणी, बिघडलेली असते. एप्सनवर साधारण अडीच-अडीच सेंटिमीटरवर आडवे पट्टे येणं हे याच गटातलं. कागदाचा प्रकार बरोबर निवडून अलाइनमेंट केली की ते जातात.

नोझल चेकमध्ये तुटलेल्या रेघा दिसल्या की हेड क्लीनिंग. एल ३११० वर तेच थांबवण्याचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. एकदा क्लीनिंग, लगेच नोझल चेक. गरज वाटली तर पुन्हा. तीन वेळांपर्यंत ठीक. त्यानंतर थांबायचं, मशीन बंद करायचं आणि किमान बारा तास हात लावायचा नाही. हे थांबणं टाळाटाळ नाही. कॅपखालच्या ओलाव्याने हेडवरची सुकलेली शाई त्या वेळात स्वतःच मऊ होते, नळीतली हवाही वर निघते. कॅननच्या बाबतीत डीप क्लीनिंगनंतर (जास्त जोराच्या सफाईनंतर) चोवीस तास थांबून पुन्हा डीप क्लीनिंग करायला कंपनीच सांगते. एप्सनचं पॉवर क्लीनिंग हा पुढचा टप्पा, पण त्यात शाई भरपूर जाते. त्याआधी चारही टाक्या किमान एक-तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर शाईऐवजी हवा ओढली जाते आणि चांगले रंगही बिघडतात. दोन पॉवर क्लीनिंगमध्येही बारा तासांचं अंतर ठेवा.

एकच रंग अडला असेल तर चारही रंगांची शाई वाया घालवू नका. संगणकावर पूर्ण पानभर एकाच रंगाचा, समजा शुद्ध निळसर म्हणजे सायनचा, चौकोन काढा आणि अशी तीन-चार पानं छापा. हलकं अडलेलं नोझल या चालण्यानेच मोकळं होतं. आणि अर्जाची मुदत उद्या संपत असेल आणि काळंच अडलं असेल, तर मजकुराचा रंग गडद निळा करून छापा; तो सायन आणि मॅजेंटा (गुलाबी) यांतून तयार होतो. अर्थात निळा मजकूर चालेल की नाही हे अर्जाच्या सूचनांत आधी बघून घ्या.

एवढं करूनही फरक पडला नाही तर झाकण उघडायची वेळ आली. मशीन वॉरंटीत असेल तर इथेच थांबून कंपनीच्या केंद्राला कळवा, स्वतः खोलू नका. वॉरंटी संपली असेल तर आधी साहित्य जमवा: डिस्टिल्ड वॉटर, एक सिरिंज, घट्ट गुंडाळीचे इअर बड्स, चष्मा पुसायचा मायक्रोफायबरचा कपडा, टिश्यू पेपर आणि हातमोजे. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच; फक्त ते पाणीच आहे, ॲसिड नाही, हे बाटली बघून खात्री करून घ्या. बोअरचं पाणी कधीच वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार बादलीला पांढरे दिसतात, तेच नोझलमध्ये बसले तर सुकलेल्या शाईपेक्षा वाईट. सॅनिटायझरही नको, त्यात ग्लिसरिन असतं आणि ते चिकटून राहतं. काच पुसायच्या फवाऱ्यात अमोनिया किंवा इतर रसायनं असू शकतात, तोही बाजूला ठेवा. सुटा कापूस तर अजिबात वापरू नका, त्याचे तंतू कॅपच्या कडेला अडकले की हवाबंदपणाच जातो.

एप्सनचं हेड हाताने सरकवायचं असेल तर मशीन चालू करा, कॅरेज, म्हणजे हेड इकडून तिकडे नेणारा भाग, डावीकडे निघाली की वायर काढा. या एका कामासाठीच वायर काढायची आहे. आता कॅरेज हाताने हलकेच सरकते. उजव्या टोकाला कॅप दिसेल: चौकोनी रबरी कडा, आत स्पंज. तिच्या शेजारी एक रबरी पातं असतं, ते हेड पुसतं. दोन्हींवर शाईचं घट्ट किट साचलेलं असतं. ओल्या इअर बडने रबराची कडा आतून-बाहेरून पुसा, पात्याची दोन्ही अंगं पुसा. बड काळा निघाला की नवा घ्या. ओलावा टिकला पाहिजे, पण पाणी ओघळता कामा नये. बऱ्याच मशीनांत एवढ्यानेच काम होतं, कारण रबर घाण झालं की ओढच बसत नाही, आणि हेडला काहीच झालेलं नसतानाही रंग येत नाहीत.

मग पंपाची परीक्षा. सिरिंजने कॅप कडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटरने भरा, मशीन पुन्हा चालू करून एक हेड क्लीनिंग करा, नंतर बघा. पाणी ओढलं गेलं असेल तर पंप आणि त्याची नळी ठीक. पाणी तसंच राहिलं तर खालची नळी सुटली आहे किंवा किटाने बुजली आहे. सुटली असेल तर ती परत बसवणं सोपं आहे. बुजली असेल तर सिरिंजने कोमट डिस्टिल्ड वॉटर हळूहळू सोडून मोकळी होते. या परीक्षेआधी ‘हेड बदला’ असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे आम्ही आमच्याच व्यवसायातल्या लोकांनाही सांगतो.

कॅप-पंप ठीक आणि तरीही नोझल तुटक, तेव्हाच हेड भिजवायचं. टिश्यू पेपरची तीन-चार पदरी, साधारण तीन सेंटिमीटर रुंद पट्टी करा, ती हेडच्या वाटेवर खाली ठेवा, सिरिंजने दोन-तीन मिली डिस्टिल्ड वॉटर तिच्यावर सोडा आणि कॅरेज तिच्यावरून सावकाश पुढे-मागे दहा-पंधरा मिनिटं फिरवा. पट्टीवर रंगाचे डाग पडायला लागतील. हेड ओल्या पट्टीवर रात्रभर ठेवा असं काही जण सांगतात, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पट्टी पहाटेपर्यंत सुकून हेडलाच चिकटते. त्यापेक्षा पट्टी काढून टाका, कॅप पाण्याने भरा, कॅरेज तिच्यावर आणून ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी एक क्लीनिंग, नोझल चेक, आणि त्यानंतर एकरंगी दोन-तीन पानं. पाणी मिसळलेली शाई आधी फिकट येते, त्याने घाबरू नका.

यात दोन धोके आहेत आणि दोन्ही महाग पडतात. एक म्हणजे सिरिंज हेडला जोडून जोरात पाणी मारणं. नोझलची पत्रा-पट्टी आतून फाटते, दोन रंग एकमेकांत मिसळतात आणि हेड कायमचं जातं. दुसरा धोका हेडच्या वरच्या बाजूला येणारी सपाट पट्टी-केबल भिजण्याचा. ती ओली असताना वीज दिली की शॉर्ट होऊन मुख्य बोर्डावरचा फ्यूज उडतो, कधी हेडही जातं. पाणी नेहमी खालच्या बाजूनेच, थेंबा-थेंबाने. केबल ओली झाल्याची थोडी जरी शंका आली तर एक दिवस पूर्ण सुकू द्या, मगच वीज लावा.

भिजवूनही एक रंग आलाच नाही तर टिश्यूची ओली पट्टी हेडखाली तासभर ठेवून बघा. तिच्यावर त्या रंगाचा डाग पडला म्हणजे वाट मोकळी आहे, शाई खाली येते आहे, पण नोझल ती उडवत नाही. हा विजेचा बिघाड आहे: हेड, केबल किंवा बोर्ड. तो घरचा विषय नाही. डाग पडलाच नाही तर वाट अजून बंद आहे आणि आणखी एक रात्र भिजवून बघायला हरकत नाही.

कार्ट्रिजवाल्यांचं काम सोपं. ताटलीत टिश्यूची घडी ठेवून कोमट डिस्टिल्ड वॉटरने ओली करा आणि कार्ट्रिज नोझलच्या बाजूने तिच्यावर एक-दोन मिनिटं दाबून धरा. रंगीत कार्ट्रिजने तीन वेगळे पट्टे सोडले पाहिजेत: निळसर, गुलाबी आणि पिवळा. एक पट्टा नसेल तर तो कप्पा रिकामा आहे किंवा अडला आहे. तिन्ही मिसळून मातकट पट्टा येत असेल तर रंग आतच एकमेकांत शिरले आहेत, ते सुधारत नाही. तांब्याच्या ठिपक्यांवर पाणी जाऊ देऊ नका, ते वेगळ्या, किंचित ओल्या कपड्याने पुसून कोरडे करा. ‘कार्ट्रिज ओळखत नाही’ अशा तक्रारी बऱ्याचदा एवढ्यानेच मिटतात. एचपी कार्ट्रिज मशीनबाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त उघडं ठेवू नये असं सांगते, आणि आपल्या उन्हाळ्यात तर त्याहून कमीच. रिफिल करताना काळ्यात तीन-चार मिली आणि रंगीतच्या प्रत्येक कप्प्यात जेमतेम दीड-दोन मिलीच घाला. स्पंज ओसंडला की खाली गळतं आणि रंग मिसळतात. एचपीच्या बऱ्याच डेस्कजेटमध्ये बिघडलेलं एक कार्ट्रिज काढून ठेवलं तर दुसऱ्यावर छपाई चालते, हेही लक्षात असू द्या.

टाकीवाल्यांसाठी शाईबद्दल दोन शब्द. काही मशीनांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत डायची असते. पिगमेंटमध्ये रंगाचे कण पाण्यात तरंगतात, डायमध्ये रंग विरघळलेला असतो. एकात दुसरी ओतली की गुठळ्या होतात आणि नळीपासून हेडपर्यंत सगळं बुजतं. बाटलीवर आपल्या मॉडेलचा नंबर असल्याखेरीज शाई घेऊ नका. चुकीच्या टाकीत ओतली गेली तर एकही पान छापू नका, मशीन बंद ठेवा, सिरिंजने ती टाकी रिकामी करून डिस्टिल्ड वॉटरने धुवा. शाई हेडपर्यंत पोहोचली नसेल तर मशीन वाचतं. गाडीवर किंवा बसमध्ये टाकीवाला प्रिंटर आडवा-तिरपा नेऊ नये. शाई गळते, नळीत हवा भरते आणि पुढचे चार दिवस तीच काढत बसावं लागतं.

आता पॅडचा विषय, ज्यावरून सगळ्यात जास्त फसवणूक होते. क्लीनिंगमध्ये ओढलेली शाई कुठे जाते? मशीनच्या तळाशी स्पंजसारखी पॅडं असतात, ती तिथे जाते. पॅड किती भरलं हे मशीन मोजून बघत नाही, मेमरीत आकडा वाढवत नेतं. आकडा ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की छपाई बंद. एल ३११० वर शाईचा आणि कागदाचा लाल दिवा आळीपाळीने लुकलुकतो आणि संगणकावर पॅडची मुदत संपल्याचा संदेश येतो. कॅननच्या जी-सीरिजवर पी ०७ किंवा ५ बी ०० असा कोड येतो. हेड क्लीनिंग वारंवार करणाऱ्यांकडे हे फार लवकर येतं, म्हणूनच वर तीन वेळांची मर्यादा सांगितली.

बाजारात हा ‘आकडा’ सॉफ्टवेअरने शून्य करून देतात, त्यालाच रिसेट म्हणतात. नुसतं रिसेट करून पॅड तसंच ठेवलं तर काही महिन्यांनी शाई तळातून टेबलावर येते, आणि कधी आतल्या वीज-बोर्डावरही जाते. म्हणून रिसेट करून घेताना ‘पॅड बदललं की धुतलं?’ हा प्रश्न विचारा आणि काढलेलं जुनं पॅड बघायला मागा. एप्सनच्या एल-सीरिजच्या अनेक मॉडेलांत पॅडचा ट्रे मागच्या बाजूला एका स्क्रूवर असतो. स्क्रू काढा, ट्रे बाहेर ओढा, नळी अलगद सोडवा. हातमोजे घालून पॅडं नळाखाली पिळून-पिळून पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत धुवा. इथे बोअरचं पाणी चालतं. मग ती पूर्ण कोरडी होऊ द्या. खान्देशी उन्हात एक-दोन दिवस पुरतात, पावसाळ्यात मात्र घाई करू नका. ती ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने परत घाला, म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रिसेटचं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून कुठूनही उतरवू नका, त्यातून व्हायरस येतात. ते काम ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. एल ६१७० सारख्या काही मॉडेलांत पॅडऐवजी मेंटेनन्स बॉक्स असतो, तो घरच्या घरी बदलता येतो. नवं मशीन घेणाऱ्यांनी दुकानात हे आवर्जून विचारावं.

कागद न ओढण्याच्या तक्रारी इथे धुळीमुळे आणि कापसाच्या तंतूंमुळे जास्त येतात, विशेषतः जिनिंगच्या आसपासच्या घरांत आणि दुकानांत. कागद ओढणारा रबरी रोलर धुळीने गुळगुळीत होतो आणि कागदावरून नुसता घसरतो. किंचित ओल्या मायक्रोफायबरने रोलर हाताने फिरवत पुसला की पकड परत येते. दोन-दोन कागद एकदम ओढत असेल तर कागदाला ओल लागली आहे. पावसाळ्यात रीम फोडली की उरलेला कागद पिशवीत बंद ठेवा, घालण्याआधी फडफडवून मोकळा करा आणि ट्रेमध्ये शंभर बसत असले तरी चाळीस-पन्नासच ठेवा. उन्हाळ्यात प्रिंटर कूलरच्या झोतासमोर ठेवणारे पुष्कळ आहेत. त्या ओल्या वाऱ्याने कागद वाकतो आणि कूलरच्या पाण्याचे क्षार मशीनमध्ये बसतात, तेव्हा झोतापासून बाजूला ठेवा.

कागद अडकला की मागचं झाकण काढून दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने ओढा. फाटलेला तुकडा आत राहिला तर टॉर्चने शोधून काढल्याशिवाय मशीन चालू करू नका. एचपीच्या साध्या मॉडेलांवर ई ४ म्हणजे कागद अडकला, ई ३ म्हणजे कॅरेज अडली. कॅनन जी २०१० वर ई ०२ म्हणजे कागद नाही, ई ०३ म्हणजे अडकला. वरून उघड्या ट्रेमध्ये पेनची टोपणं, स्टेपलच्या पिना आणि कधी पालसुद्धा पडलेली असते. छपाई बंद असताना ट्रेवर जाडसर कपडा टाकून ठेवावा, मशीनवर मात्र प्लास्टिक घट्ट गुंडाळू नये.

कॅरेज धडकून थांबत असेल, अक्षरं दुहेरी येत असतील किंवा मजकूर एका बाजूला सरकत असेल, तर कॅरेजच्या मागे आडवी ताणलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बघा. हेड कुठे आहे हे मशीन त्या पट्टीवरच्या बारीक रेघा वाचून ठरवतं. तिच्यावर शाईचा शिंतोडा किंवा ग्रीसचं बोट लागलं की वाचन चुकतं. ओल्या मायक्रोफायबरने अगदी हलक्या हाताने पुसा, मग कोरड्याने. ती ओढू नका. खोबणीतून निसटली तर परत बसवायला धीर लागतो.

वायफायवर ‘ऑफलाइन’ दाखवणाऱ्या मशीनमध्ये बहुतेकदा बिघाड नसतोच. घरगुती प्रिंटरांपैकी बरेच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरची दोन नावं दिसत असतील तर त्यातलं २.४ चं निवडा. संगणकात काम अडकून बसलं असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत ठेवणारी सेवा) थांबवा, विंडोजच्या सिस्टिम ३२ मधल्या स्पूल फोल्डरमधल्या प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइल्स पुसून स्पूलर पुन्हा चालू करा.

मशीन कधी सोडून द्यावं, हेही स्पष्ट सांगायला हवं. एल-सीरिजमध्ये हेड विजेने गेलं असेल तर नव्या हेडचा आणि मजुरीचा खर्च आधी विचारा आणि नव्या मशीनच्या किमतीशी तोलून ठरवा. कॅनन जी-सीरिज आणि एचपी इंक टँकमध्ये हेड सुटं मिळत असल्याने ते बदलणंच बहुधा परवडतं. सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती एका जागी मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आहे, त्याचाही उपयोग करावा. गेलेलं मशीन किंवा रिकामं कार्ट्रिज कचरागाडीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटर आणि त्याची कार्ट्रिजं दोन्ही आहेत, तेव्हा ती कंपनीच्या संकलनात किंवा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवीत.

शेवटी शाळा, ग्रामपंचायती आणि सेवा केंद्रं यांना विनंती. अक्कलकुवा-धडगावपासून रावेर-मुक्ताईनगरपर्यंत शाळांमधले प्रिंटर उन्हाळी सुट्टीत दीड महिना कुलपात असतात. सुट्टी लागण्याआधी टाक्या अर्ध्याच्या वर भरून घ्याव्यात, मशीन त्याच्या बटणाने बंद करून खालच्या मजल्यावरच्या, त्यातल्या त्यात थंड खोलीत सपाट ठेवावं, आणि शाळेत येणाऱ्या शिपायाने किंवा शिक्षकाने आठवड्यातून एकदा चारही रंगांचा नोझल चेक काढावा. तो कागद तारीख घालून मशीनशेजारीच ठेवावा. कोणता रंग कधीपासून तुटायला लागला हे त्यावरून लगेच कळतं, आणि दुरुस्तीवाल्यालाही तेच सगळ्यात आधी बघायचं असतं.

आपले,
प्रिंटर दुरुस्तीच्या कामातले काही वाचक,
जळगाव